रिफर्बिश्ड कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्या काही वर्षं वापरलेले डेस्कटॉप आणि लॅपटॉप लॉटने काढून टाकतात. तेच पुढे साफसफाई होऊन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून दुकानात येतात. ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर ही यंत्रं मुळात दणकट असतात, त्यामुळे विद्यार्थ्यांनी आणि छोट्या ऑफिसांनी ती घ्यावीत असंच आमचं मत आहे. प्रश्न येतो तो साफसफाई करणाऱ्याने काय तपासलं आणि काय तसंच सोडलं याचा. बंद पडणाऱ्या मशीनबद्दल लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत. मशीन वॉरंटीत असेल तर काहीही उघडण्याआधी वॉरंटीबद्दलचा प्रश्न वाचा.

‘कॉम्प्युटर बंद पडतो’ एवढं सांगितलं तर पुरत नाही का?

नाही. बंद पडण्याचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाची दिशा वेगळी आहे.

पहिला प्रकार: क्षणात सगळं काळं, पंख्याचा आवाजही थांबतो. इथे आधी वीजपुरवठा आणि उष्णता बघायची. दुसरा: मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. यात वीजही असू शकते, किंवा निळी स्क्रीन (विंडोज कोलमडल्याचा संदेश) येऊन डोळ्यांना दिसायच्या आत गेलेली असते. तिसरा: चित्र जागच्या जागी गोठतं, माउस हलत नाही, गाणं चालू असेल तर एकच सूर घुमत राहतो. अशा वेळी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर विंडोज अजून जिवंत आहे आणि डिस्क किंवा ग्राफिक्स अडकलंय. दिवा ढिम्म असेल तर अख्खं मशीनच थांबलंय, आणि मग रॅम, मदरबोर्ड, प्रोसेसर यांच्याकडे वळायचं. चौथा प्रकार म्हणजे उघड निळी स्क्रीन. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर तीच स्क्रीन काळी दिसते, त्यामुळे ‘निळी नव्हती’ म्हणून तो प्रकार बाद करू नका.

एक वही ठेवा. बंद पडल्याची वेळ, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, तेव्हा काय चालू होतं, यूपीएसचा बीप आला का, हे चार-पाच वेळा लिहिलं की बहुतेकदा पॅटर्न दिसू लागतो. दहा मिनिटांत हमखास बंद पडणारं मशीन आणि फक्त गेम लावल्यावर बंद पडणारं मशीन हे दोन वेगळे रोग आहेत.

दुकानदार म्हणतो, ‘आणून द्या, फॉरमॅट मारून देतो.’ करू द्यावं का?

लगेच नको. फॉरमॅट केल्यावर आधीच्या बिघाडाच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. दोष हार्डवेअरमध्ये असेल तर मशीन आठवडाभर बरं चालल्यासारखं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. दरम्यान वॉरंटीचे दिवस संपत जातात.

आधी दोष विंडोजचा की यंत्राचा हे ठरवा. त्याला पैसे लागत नाहीत. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर रूफस हे मोफत टूल वापरून त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाका. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल हे ध्यानात ठेवा. मशीन सुरू होताना डेलवर एफ१२, एचपीवर एफ९, लेनोव्होवर बहुधा एफ१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडा आणि इन्स्टॉल न करता तसंच चालवा. दोन-तीन तास यूट्यूब, दहा-बारा टॅब, जे नेहमी करता ते करा. तिथेही बंद पडलं तर विंडोज निर्दोष आहे. लिनक्सवर काहीच झालं नाही, तर संशय विंडोज, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि आतली डिस्क या तिघांवर येतो. डिस्क यात धरायची, कारण पेन ड्राइव्हवरून चालताना ती जवळपास वापरलीच जात नाही.

निळी स्क्रीन वाचण्याआधीच निघून जाते. कोड कसा मिळवायचा?

‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, तिथे ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’. ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा. पुढच्या वेळी स्क्रीन थांबून राहील, मोबाइलवर फोटो काढा. जुन्या घटनांसाठी स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. दिवसवार तक्ता उघडतो, लाल फुल्यांवर क्लिक केलं की तपशील दिसतो. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर असेल तर ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे मोफत टूल त्यातल्या फाइली वाचून दाखवतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की बरेच जण एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारी आतली डबी) बदलायला धावतात. ही नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तिच्या तपशिलातला बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा कोड, बघा. तो शून्य असेल तर वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं. शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती.

कोडचा अर्थ ढोबळ मानाने असा. ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, किंवा दर वेळी निराळाच कोड येत असेल तर आधी रॅम. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ आला तर प्रोसेसर, त्याची उष्णता किंवा त्याला मिळणारा व्होल्टेज. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ आणि ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ बहुधा डिस्क किंवा तिच्या केबलकडे बोट दाखवतात. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक्स. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल’ने सुरू होणाऱ्या कोडखाली फाइलचं नाव दिलेलं असेल तर त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. मशीनच्या मागच्या सर्व्हिस टॅगवरून नेमकं मॉडेल मिळतं. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका, ती भलतेच ड्रायव्हर बसवतात.

रॅम खराब आहे हे नक्की कसं कळतं?

रिफर्बिश्ड मशीनमध्ये सर्वांत आधी तपासावी अशी ही वस्तू. कंपनीतून निघालेल्या मशीनमधली मूळ रॅम काढून विकली जाते आणि जागी मिळेल ती बसवली जाते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावलेल्या सर्रास दिसतात. कधी त्या वर्षानुवर्षं सुरळीत चालतात, कधी मशीन तापल्यावरच चुका करतात. डीडीआर३ च्या काळातल्या मशीनमध्ये आणखी एक घोळ होतो. साधी डीडीआर३ पट्टी १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टचीच पट्टी लागते. पट्टीवरच्या स्टिकरवर ‘पीसी३’नंतर ‘एल’ आहे का ते बघा.

पहिला उपाय साधा आहे. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा, पट्ट्या काढा. सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा चुरा ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. हे अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, मल्टिमीटरही तिथेच घेता येईल. पट्टी परत बसवताना दोन्ही बाजूंचा ‘टक’ आवाज यायला हवा. पुण्याच्या पावसाळ्यात महिना-दोन महिने बंद ठेवलेल्या मशीनमध्ये टोकांवर काळपट थर धरतो, आणि पुष्कळदा काम इथेच संपतं.

तरी बंद पडत असेल तर मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं टूल पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामवरून मशीन सुरू होऊ न देणारं सेटिंग) तात्पुरतं बंद करावं लागू शकतं. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघून त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोज ती मागत बसेल. किमान चार फेऱ्या होऊ द्या, शक्यतो रात्रभर. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी किंवा स्लॉट सदोष आहे. ‘एक-दोन चुका चालतात’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. चूक आली की एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा, मग चांगली ठरलेली पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवा. चांगली पट्टी एकाच स्लॉटमध्ये चुकत असेल तर दोष मदरबोर्डचा, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली आहे. असं मशीन दुरुस्त करत बसू नका, परत द्या.

एसएमपीएस तपासायला काय लागतं?

मल्टिमीटर आणि सावधपणा. एसएमपीएसची डबी स्वतः कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ टिकते.

साध्या २४ पिनच्या एसएमपीएसमध्ये मशीन चालू असताना मोकळ्या कनेक्टरवर मोजा. काळी वायर ग्राउंड. पिवळ्यावर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ यायला हवेत. काहीच काम चालू नसताना १२ व्होल्ट दिसतात आणि काम वाढलं की ११.३ वर उतरतात, असं झालं तर एसएमपीएस थकलाय. म्हणून मोजताना ओसीसीटीसारखं टूल लावून प्रोसेसरवर भार टाका.

कंपनीच्या छोट्या कॅबिनेटमध्ये मात्र सहा किंवा आठ पिनचे स्वतःचे कनेक्टर असतात आणि त्यातून बोर्डाला प्रामुख्याने १२ व्होल्टच जातात. तिथे बाजारातला साधा एसएमपीएस थेट लागत नाही, त्याच मॉडेलचा घ्यावा लागतो. डेलच्या अनेक डेस्कटॉपच्या मागे एसएमपीएसवर छोटं बटण आणि दिवा असतो. मशीन बंद, प्लग लावलेला, बटण दाबलं की हिरवा दिवा लागायला हवा. नाही लागला तर आतून बोर्डाचा कनेक्टर काढून पुन्हा दाबा. आता लागला तर दोष बोर्डात, तरीही नाही तर एसएमपीएसमध्ये.

छोट्या कॅबिनेटचा एसएमपीएस बहुधा १८० ते २४० वॅटचा असतो. स्लॉटमधूनच ७५ वॅट ओढणारं ग्राफिक्स कार्ड नंतर बसवलं असेल आणि फक्त गेममध्येच मशीन बंद पडत असेल, तर कार्ड काढून दोन दिवस चालवा. उत्तर मिळेल.

तापमान किती असलं तर काळजी करायची?

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं टूल चालवा. डेस्कटॉप नुसता चालू असताना प्रोसेसर ३५ ते ५० अंश सेल्सिअस असतो. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८ अंशांवर गेली की त्यात तेवढी भर धरा. पूर्ण भारावर ८५ पर्यंत ठीक. ९५ च्या वर टिकून राहत असेल तर प्रोसेसर वेग कमी करतो, आणि १०० च्या आसपास बहुतेक इंटेल प्रोसेसरांची मर्यादा येते. सुरू केल्याबरोबर बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) ७० दिसत असेल तर हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता काढणारा धातूचा ठोकळा, नीट टेकलेलाच नाही.

पाच-सहा वर्षांची थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळून खडूसारखी होते. हीटसिंक काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे प्रोसेसर पेस्टला चिकटून उपटला जात नाही. मग प्लग काढा. जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा. नवी मधोमध तांदळाच्या दोन दाण्यांएवढीच, जास्त नको. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, कारण जोरात फिरलेला पंखा बेअरिंग खराब करतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर ही सफाई वर्षातून दोनदा करा.

डिस्कची तब्येत कशी बघायची?

क्रिस्टलडिस्कइन्फो या टूलने. हिरवं ‘गुड’ बघून थांबू नका, आतले आकडे वाचा. ‘रीॲलोकेटेड’, ‘पेंडिंग’ आणि ‘अनकरेक्टेबल’ सेक्टर शून्य हवेत. पेंडिंग वाढत असेल तर आजच डेटा काढून घ्या. ‘पॉवर ऑन अवर्स’ला ८,७६० ने भागलं की सलग चालल्याची वर्षं मिळतात. ४०,००० तास झालेली हार्ड डिस्क म्हणजे साडेचार वर्षं अखंड फिरलेली डिस्क. ती ‘चालतेय’ म्हणून ठेवू नका, एसएसडी घ्या. ‘यूडीएमए सीआरसी एरर’ वाढत असेल तर मात्र डिस्क बरीच वेळा निर्दोष असते, डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटा केबल बदला. ही स्वस्त केबल न बदलता चांगल्या डिस्क फेकून दिल्या जातात.

यूपीएस आहे, तरी वीज गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. मग यूपीएसचा उपयोग काय?

पुण्यात गुरुवारी महावितरणच्या दुरुस्तीसाठी वीज जाते, पावसाळ्यात तर झाडाची फांदी पडली तरी जाते. त्यामुळे हा प्रश्न फार येतो. कारणं तीन.

एक, बॅटरी. ६०० व्हीएच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षं टिकते. तपासण्यासाठी कॉम्प्युटर काढून फक्त मॉनिटर लावा आणि यूपीएसचा प्लग उपसा. मॉनिटरही विझला तर बॅटरी गेली.

दोन, वीज बदलायचा वेळ. यूपीएस बॅटरीवर जायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद घेतो. नवा एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. जुन्याचे कपॅसिटर वाळले की तो तेवढा वेळ धरत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे ना बघा. साध्या किंवा ‘इको’ मोडवर बदलायला जास्त वेळ लागतो आणि पंखे-दिवे न अडखळता कॉम्प्युटर मात्र बंद होतो.

तीन, आणि हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही: कंपनीच्या मशीनमधले एसएमपीएस ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ प्रकारचे असतात. स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. काही एसएमपीएसना ती झेपत नाही आणि ते स्वतःला बंद करतात. इथे बॅटरी कितीदाही बदला, फरक पडत नाही. प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, यूपीएस लागतो.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, याचं कारण एसएमपीएसमधला फिल्टर अर्थिंगविना कॅबिनेटवर जवळपास निम्मा व्होल्टेज आणून ठेवतो. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थही तेवढाच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा अडॅप्टर लावून काम भागवू नका.

तारीख मागे जाते आणि एक दिवस ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं. डिस्क गेली का?

बहुधा नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलाय. तो ३ व्होल्टचा असतो, २.८ च्या खाली गेला की बदला. सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर परततो. डेलच्या बऱ्याच मशीनमध्ये साटाचं मूळ सेटिंग ‘रेड’ असतं, आणि रिफर्बिश करणाऱ्याने विंडोज ‘एएचसीआय’ या डिस्क चालवण्याच्या दुसऱ्या पद्धतीवर टाकलेलं असतं. सेटिंग फिरलं की विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही. सेल बदला, बायोसमध्ये पुन्हा एएचसीआय करा, मशीन सुरू होईल. फॉरमॅटची गरज नाही. मशीन घेतल्या दिवशीच बायोसमधल्या साटा, बूट मोड आणि सिक्युअर बूटच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

लॅपटॉपसाठी वेगळं काही?

चार्जर मूळ वॅटचा आणि ओळखला जाणारा हवा. डेलच्या लॅपटॉपला चार्जर ओळखता आला नाही तर तो सुरू होताना तसा संदेश देतो, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसर अगदी मंद चालवतो. टचपॅड वर आला असेल किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

विंडोजमध्येच दोष निघाला तर?

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ‘डिसम’ची रिस्टोअरहेल्थ कमांड (dism /online /cleanup-image /restorehealth) द्या, ती संपली की ‘एसएफसी स्कॅननाउ’ (sfc /scannow). क्रम महत्त्वाचा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून फाइली घेतं तो साठा डिसम दुरुस्त करतं. फास्ट स्टार्टअप बंद करून बघा.

यासोबत लायसन्स तपासा. ‘एसएलएमजीआर’ला ‘एक्सपीआर’ जोडून (slmgr /xpr) कमांड दिल्यावर मुदत संपायची तारीख दिसली, तर विंडोज मोठ्या संस्थांच्या पद्धतीने, म्हणजे १८० दिवसांच्या मुदतीने, ॲक्टिव्हेट केलेलं आहे. घरगुती मशीनवर हे बहुधा क्रॅकचं लक्षण असतं, आणि क्रॅकसोबत आलेलं मालवेअर हेही बंद पडण्याचं कारण असू शकतं. असं विंडोज पुसून स्वच्छ टाका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. सहाव्या-सातव्या पिढीवर ते आडमार्गाने बसवलेलं असेल तर ड्रायव्हरच्या कटकटी गृहीत धरा. तिथे लिनक्स मिंट जास्त स्थिर चालतं.

रीसेट केल्यावर मशीन एखाद्या कंपनीचा ईमेल मागत असेल किंवा बायोसला पासवर्ड असेल, तर ते अजून जुन्या मालकाच्या व्यवस्थेला बांधलेलं आहे. दुकानातून सोडवून घ्या किंवा परत करा.

वॉरंटीत आहे. दुकानदार टाळाटाळ करतो. काय करायचं?

सील तोडू नका. उघडण्याची परवानगी हवी असेल तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. बंद पडतानाचा व्हिडिओ, मेमटेस्टच्या लाल ओळी, क्रिस्टलडिस्कइन्फोचं पान, सगळ्याचे फोटो एकाच तक्रारीत पाठवा आणि ‘अमुक तारखेपर्यंत बदलून द्या किंवा पैसे परत करा’ असं स्पष्ट लिहा. जीएसटीचं बिल आणि त्यावर सिरियल नंबर नसेल तर ते आधी मागा. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. त्यानेही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे ती चालते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही.

दुरुस्तीचा नाद कधी सोडावा?

मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतील, स्लॉट किंवा सॉकेट सदोष असेल, किंवा रॅम, एसएमपीएस आणि डिस्क तिन्ही बदलूनही बंद पडत असेल, तर थांबा. बोर्ड बदलण्याच्या खर्चात बहुतेकदा तसंच दुसरं मशीन येतं. चांगली रॅम, एसएसडी आणि प्रोसेसर काढून ठेवा, त्याच मॉडेलमध्ये लागतील. उरलेला सांगाडा भंगारात न देता ई-कचऱ्यात द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था तो गोळा करते. डिस्क देणार असाल तर नुसतं फॉरमॅट करून देऊ नका. बायोसमध्ये डेटा वाइपचा पर्याय असेल तर तो चालवा, आणि डिस्क बंदच पडली असेल तर तिच्या तबकड्यांमधून ड्रिल आरपार घाला. एसएसडी असेल तर ड्रिल तिच्या मेमरी चिपांमधून जायला हवं.